मुका मार, तांबडी लघवी आणि मूत्रपिंडाचा धोका

(रेडिओवरील शेतकरी कार्यक्रमात कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गाई-बैलाची लघवी तांबडी किंवा कॉफीच्या रंगाची झाली, की आपण घटकाभरही थांबत नाही. गोचीड ताप असेल असं मनात येतं आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरांना बोलावणं जातं. जनावराला बोलता येत नाही, म्हणून आपण त्याचं शेण-मूत नजरेखालून घालतो. हीच नजर आपण घरच्या माणसावर ठेवत नाही. भिंतीखाली सापडलेला गडी उठून बसला, चहा प्याला, दोन पावलं चालला, की आपण म्हणतो, "मुका मार आहे, दोन दिवसांत जाईल." आणि तिसऱ्या दिवशी त्याच गड्याची लघवी बंद झालेली असते.

आज आपण या मुक्या माराविषयी माहिती घेणार आहोत. अंगातले स्नायू फार मोठ्या प्रमाणावर चेंगरले, फाटले किंवा जळाले, तर त्याचा फटका मूत्रपिंडाला का बसतो, तो बसणार आहे हे आधी ओळखता येतं का, आणि त्यासाठी शेतावर असलेल्या माणसाने काय करावं, एवढंच आजच्या भाषणात सांगायचं आहे.

कोणी म्हणेल, शेतीखात्याच्या माणसाने बियाणं, खत, फवारणी सांगावी. हे दवाखान्याचं काम याला कशाला? बरोबर आहे. मी डॉक्टर नव्हे, कृषी पदवीधर आहे, आणि औषधोपचार मी सांगणार नाही. परंतु विहीर खचते ती शेतात. ट्रॅक्टर उलटतो तो बांधावर. पोत्यांची थप्पी कोसळते ती खळ्यावर नाहीतर गोदामात. तिथे डॉक्टर नसतो, आपणच असतो. पहिल्या दोन-तीन तासांत जे घडलं ते आपणच पाहिलेलं असतं. त्या माहितीला दवाखान्यात केवढी किंमत आहे, ते पुढे कळेलच.

असा प्रकार कोणाला होतो?

सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे चेंगरणं. मातीच्या भिंतीखाली, विहिरीच्या दरडीखाली, उलटलेल्या ट्रॅक्टरखाली किंवा पोत्यांच्या थप्पीखाली मांडी, पोटरी, दंड असा मांसल भाग बराच वेळ दाबून राहिला, तर वरची कातडी धड दिसली तरी आतलं मांस मेलेलं असतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली. भिंतीचं वजन म्हणजे काय, हे लातूर-उस्मानाबादच्या लोकांना वेगळं सांगायला नको. उस्मानाबाद म्हणजे आताचं धाराशिव.

पण भूकंपच व्हावा लागतो असं नाही. पुढील प्रसंगांतही स्नायूंचा असाच नाश होऊ शकतो:

१. मोटारीचा किंवा तारेचा जोराचा शॉक बसणे. बाहेर भाजल्याचा डाग रुपयाएवढा असतो आणि आतलं मांस हातभर जळालेलं असतं.

२. एप्रिल-मेच्या उन्हात पाण्यावाचून अतिकष्ट करून उष्माघात होणे.

३. अंगाला सवय नसताना एकदम फार व्यायाम करणे. पोलीस भरती, सैन्यभरती जवळ आली की गावातली मुलं एका दिवसात शेकड्यांनी बैठका मारतात, मैलोन् मैल धावतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मांड्या उचलत नाहीत.

४. गांधीलमाश्या किंवा आग्या मोहोळाच्या माश्या मोठ्या संख्येने डसणे.

५. काही सर्पदंश. समुद्रसापाचं विष थेट स्नायूंवर घाव घालतं; कोकणातल्या मच्छीमार बंधूंनी हे लक्षात ठेवावं. घोणस चावल्यावर मूत्रपिंडाला होणारा धोका बऱ्याच वेळा रक्तातल्या बिघाडामुळे येतो, पण लघवीवर नजर ठेवण्याचा नियम तिथेही तोच.

६. काही विषारी पदार्थ पोटात जाणे. केस काळे करण्याचा कलप आणि टू-फोर-डी हे तणनाशक ही त्यांतली दोन उदाहरणं.

७. दारूच्या किंवा गुंगीच्या अमलाखाली एकाच कुशीवर रात्रभर निपचित पडून राहणे, किंवा फिट फार वेळ चालू राहणे.

स्नायूतून काय सांडतं?

आपण पिकाला नत्र, स्फुरद आणि पालाश देतो. हेच स्फुरद आणि पालाश आपल्या शरीरातही असतं. त्यातलं पालाश, म्हणजे पोटॅशियम, बहुतेक सगळं पेशींच्या आत कोंडलेलं असतं आणि त्याचा मोठा साठा स्नायूंत असतो. पोतं शाबूत आहे तोवर ठीक. पण पोती फाटली, की खत सगळं ओढ्यात. तसा स्नायू फाटला, की पालाश आणि स्फुरद एकदम रक्तात उतरतं. रक्तात पालाश ठराविक मर्यादेपलीकडे वाढलं, की हृदयाचा ठेका चुकतो आणि ते बंदही पडू शकतं. ढिगाऱ्यातून जिवंत काढलेला, बोलता-चालता माणूस वजन बाजूला होताच थोड्या वेळात कधी कधी दगावतो, त्याचं एक कारण हे आहे. दाबलेला भाग मोकळा झाला, की तिथलं साचलेलं सगळं एकदम रक्तात येतं.

याच वेळी रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, मेलेल्या स्नायूंत ओढला जातो आणि रक्तात तो कमी पडतो. रक्त आंबट होतं. शिवाय चेंगरलेला भाग पाणी शोषून टम्म फुगतो, त्यामुळे अंगातलं बरंच पाणी तिथेच अडकतं आणि रक्तात पाण्याची तूट येते.

या सगळ्याबरोबर आणखी एक पदार्थ बाहेर पडतो. मांसाला तांबडा रंग देणारा हा पदार्थ आहे. त्याचं नाव मायोग्लोबिन. नाव विसरलात तरी चालेल; तो काय करतो ते विसरू नका.

मूत्रपिंड बुजतं कसं?

ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना हे चटकन समजेल. विहिरीच्या पाण्यात क्षार असले आणि नळ्यांतून पाणी कमी दाबाने, रेंगाळत गेलं, की तोट्या बुजतात. दाब चांगला असेल, वरचेवर नळ्यांची टोकं सोडून धुऊन काढल्या, तर त्या चालू राहतात. मूत्रपिंड म्हणजे लाखो बारीक नळ्यांची गाळणी आहे. स्नायूंतला तांबडा पदार्थ या नळ्यांत उतरतो. अंगात पाणी कमी असेल आणि लघवी आंबट असेल, तर तो तिथेच गोळा होऊन नळ्या बुजवतो आणि नळ्यांच्या अस्तराला इजाही करतो. वरून पाण्याची तूट असल्याने मूत्रपिंडाला रक्तपुरवठाही कमी पडतो.

म्हणजे मार मांडीला लागतो आणि बंद पडतं मूत्रपिंड. यात एक ते तीन दिवसांचं अंतर असतं. या अंतरातच माणूस वाचवायचा असतो.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या नीट लक्षात आली ती दुसऱ्या महायुद्धात. लंडनवर बॉम्ब पडत होते आणि लोक घरांखाली गाडले जात होते. १९४१ साली बायवॉटर्स आणि बील या दोन डॉक्टरांनी अशा चार रोग्यांची हकिकत छापली. ढिगाऱ्यातून काढले तेव्हा माणसं बऱ्या अवस्थेत होती. मग पाय सुजला, लघवी गडद आणि थोडी थोडी झाली, आणि आठवड्याभरात मूत्रपिंडं बंद पडून ती दगावली. त्या काळी डायलिसिसची सोय नव्हती. आज आहे. पण तिची वेळच येऊ नये, हे अधिक चांगलं.

धोका आधी ओळखता येतो का?

येतो. अगदी पावसाच्या अंदाजासारखाच म्हणा. शंभर टक्के नाही, पण पेरणीचा निर्णय घेण्याइतका.

स्नायूंच्या नाशाची रक्तातली मुख्य खूण म्हणजे सीपीके नावाची तपासणी. निरोगी माणसात हा आकडा साधारण दोनशेच्या आत असतो. हजाराच्या वर गेला, की स्नायू मोठ्या प्रमाणात मोडले असं डॉक्टर धरतात. पाच हजारांच्या वर मूत्रपिंडाची काळजी वाढते. परंतु नुसत्या या एका आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. तो इजेनंतर एक ते तीन दिवस चढत राहतो, त्यामुळे पहिल्या दिवशीची एकच तपासणी पुरत नाही. शिवाय आकडा फार मोठा असूनही काहींची मूत्रपिंडं शाबूत राहतात.

म्हणून अमेरिकेतल्या बोस्टन शहरातल्या डॉक्टरांनी दोन मोठ्या रुग्णालयांतल्या २००० ते २०११ या काळातल्या २,३७१ रोग्यांची नोंद तपासली आणि २०१३ साली एक गुणपत्रिका प्रसिद्ध केली. कोणाला डायलिसिस लागेल किंवा कोण दगावेल, याचा अंदाज दाखल होतेवेळच्या माहितीवरून घ्यायचा. शाळेत जास्त गुण चांगले, इथे जास्त गुण वाईट. ती पत्रिका अशी:

• वय ५० च्या वर ७० पर्यंत: दीड गुण. ७० च्या वर ८० पर्यंत: अडीच. ८० च्या वर: ३.
• स्त्री असल्यास: १.
• क्रिएटिनिन १.४ ते २.२ असल्यास: दीड. त्याहून जास्त: ३.
• कॅल्शियम ७.५ पेक्षा कमी: २.
• सीपीके ४०,००० पेक्षा जास्त: २.
• स्फुरद, म्हणजे फॉस्फेट, ४ ते ५.४: दीड. त्याहून जास्त: ३.
• बायकार्बोनेट १९ पेक्षा कमी, म्हणजे रक्त आंबट: २.
• कारण: फिट, चक्कर, व्यायाम, चरबी कमी करण्याच्या काही गोळ्या किंवा स्नायूंचा दाह यांपैकी असल्यास शून्य. याखेरीज दुसरं कोणतंही, म्हणजे चेंगरणं, मार, विषबाधा वगैरे असल्यास: ३.

ज्यांची बेरीज ५ च्या आत आली, त्यांच्यात शंभरात सुमारे तीन जणांना डायलिसिस लागलं किंवा मृत्यू आला. ज्यांची १० च्या वर गेली, त्यांच्यात शंभरात जवळजवळ साठ.

हिशेब समजावा म्हणून दोन रोगी मनाने कल्पू. पहिला, भरतीसाठी बैठका मारलेला वीस वर्षांचा मुलगा. सीपीके ६०,००० आला, म्हणून २ गुण. फॉस्फेट ४.२, म्हणून दीड. बाकी सगळं ठीक, आणि कारण व्यायाम, म्हणून शून्य. बेरीज साडेतीन. दुसरा, विहिरीच्या दरडीखाली सापडलेला पंचेचाळीस वर्षांचा गडी. सीपीके ५२,०००, म्हणजे मुलापेक्षा कमीच, गुण २. पण कारण चेंगरणं, ३ गुण. क्रिएटिनिन १.८, दीड गुण. कॅल्शियम ७.२, २ गुण. फॉस्फेट ६, ३ गुण. बायकार्बोनेट १७, २ गुण. बेरीज साडेतेरा. सीपीके कमी असूनही या गड्याचा धोका कितीतरी मोठा आहे.

आता या पत्रिकेतली एक गोष्ट पाहा. ४०,००० च्या वरच्या सीपीकेला २ गुण आहेत आणि कारणाला ३. सीपीके प्रयोगशाळा सांगते. कारण कोण सांगणार? रोगी बेशुद्ध असेल तर ते आपणच सांगायचं आहे. "शेतात पडला" एवढं मोघम सांगितलं आणि दरडीखाली दोन तास पाय होता हे सांगायचं राहिलं, तर हिशेबातले तीन गुण तिथेच गळाले. डॉक्टर पायाचा एक्स-रे काढतील, हाड मोडलं नाही म्हणतील, आणि रोगी घरी परत येईल.

एक खुलासा. ही पत्रिका डॉक्टरांसाठी आहे. घरी बसून बेरीज करून "आपले तर साडेतीनच आहेत" असं म्हणत दवाखाना टाळण्यासाठी ती नाही. व्यायामाने किंवा उन्हानेसुद्धा माणसं दगावतात. आपण तिच्यातून घ्यायचं ते एवढंच, की धोक्याचा अंदाज पहिल्याच दिवशी काढता येतो, आणि त्यातला एक मोठा हिस्सा आपल्या तोंडी आहे.

डॉक्टरांना काय सांगायचं?

कागदाच्या चिठोऱ्यावर पाच गोष्टी लिहून न्या. लिहिता येत नसेल तर पोराकडून लिहून घ्या.

१. काय घडलं. अंगाचा कोणता भाग दाबला होता, किंवा काय चावलं, काय पोटात गेलं. औषधाचा डबा असेल तर तो बरोबर न्या.

२. किती वाजता सापडला आणि किती वाजता सुटला.

३. शेवटची लघवी किती वाजता झाली, किती झाली आणि रंग कसा होता.

४. मध्ये काय खायला-प्यायला दिलं, कोणती गोळी किंवा इंजेक्शन दिलं.

५. आधीचं दुखणं. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, रोजच्या गोळ्या.

लघवी कशी पाहायची?

स्वच्छ, पांढऱ्या काचेच्या बाटलीत धरा आणि उजेडात पाहा. कोऱ्या चहासारखी, कॉफीसारखी किंवा गडद तांबूस दिसली, तर एक मिनिट घालवू नका. बीट खाल्ल्याने किंवा क्षयाच्या गोळ्यांनीही लघवी लालसर होते, हे खरं. पण मार लागला असताना त्या कारणावर विसंबू नका. निवाडा डॉक्टरांना करू द्या.

आणि हे विशेष लक्षात ठेवा: लघवी साधी दिसली म्हणून धोका टळला असं नाही. तांबडा पदार्थ दिवसभरात निघून जातो, पुष्कळांच्या लघवीत तो डोळ्याला दिसतही नाही. म्हणून रंगाबरोबर मोजमापही पाहा. मोठ्या माणसाला चोवीस तासांत अर्ध्या लिटरपेक्षा कमी लघवी झाली, तर ती धोक्याची खूण आहे. पण चोवीस तास वाट पाहायची नाही. अपघातानंतर सहा तासांत लघवीच झाली नाही, तर तेवढं कारण दवाखान्यात जायला पुरेसं आहे. मांडी-पोटरी दगडासारखी कडक होणे, हातपाय बधिर होणे, उचलता न येणे, मळमळ, छातीत धडधड, ही बाकीची लक्षणं.

शेतावर काय करावं, काय करू नये?

१०८ ला लगेच फोन करा आणि "माणूस अडकला आहे" असं स्पष्ट सांगा. ढिगारा काढायचं काम थांबवू नका. छाती दबली असेल, श्वास कोंडत असेल, तर तो भाग आधी मोकळा करा. अडकून बराच वेळ झाला असेल आणि वैद्यकीय मदत जागेवर पोचली असेल, तर वजन काढण्याआधीच हाताला सलाईन लावता येतं. डॉक्टर तसं म्हणाले, तर "आधी बाहेर काढू द्या" म्हणून वाद घालू नका. सुटल्यावर पडून राहू द्या, चालवत नेऊ नका.

सुजलेला भाग चोळू नका. मुक्या मारावर तेल लावून मालिश करण्याची आपल्याकडे रीत आहे. हाडवैद्याकडेही आपण नेतो. या दुखण्यात चोळण्याने नुकसान होतं. करकचून पट्टीही बांधू नका. फक्त रक्ताची धार थांबतच नसेल तेव्हाची गोष्ट वेगळी.

अंगदुखीची गोळी किंवा इंजेक्शन आपल्या मनाने घेऊ नका. दुकानातून सहज मिळणाऱ्या बऱ्याचशा वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. आधीच बुजत चाललेल्या नळीला आणखी बूच मारल्यासारखं ते होतं.

नारळपाणी देऊ नका. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. एरवी नारळपाणी चांगलंच. पण त्यात पालाश भरपूर असतं. ज्याच्या रक्तात पालाश आधीच उसळलं आहे आणि लघवीवाटे बाहेर जायचा रस्ता बुजतो आहे, त्याला ते विषासारखं ठरू शकतं. फळांचा रस, केळी, यांचंही तसंच. रोगी शुद्धीवर असेल, उलटी नसेल, पोटाला-छातीला मार नसेल, तर साधं पाणी घोट घोट द्यावं. नुसत्या उन्हाने थकलेल्या, लघवी साफ होणाऱ्या माणसाला मीठ-साखरेचं पाणी, ताक द्यायला काहीच हरकत नाही. मी सांगतो आहे ते चेंगरलेल्या, भाजलेल्या किंवा लघवी गडद झालेल्या माणसाबद्दल.

दवाखान्यात गेल्यावर सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या लागतात. बरोबरचे नातेवाईक कुरकुरतात, "उगाच बिल वाढवतात." मंडळी, हीच ती ठिबकची नळी धुऊन काढण्याची क्रिया आहे. मोठ्या माणसाला पहिल्या दिवसात कित्येक लिटर सलाईन लागू शकतं. लघवीची नळीही घालतात, ती ताशी किती लघवी होते हे मोजण्यासाठी. रोगी रडतो म्हणून ती काढायला सांगू नका. मात्र लघवी होतच नसेल तर डॉक्टर सलाईन कमीही करतात. तेव्हा "बंद का केलं" म्हणून घाबरू नका. दोन्ही गोष्टी मोजमापावरूनच ठरतात.

वेळेची किंमत

तुर्कस्तानात १७ ऑगस्ट १९९९ रोजी मोठा भूकंप झाला. चेंगरल्यामुळे मूत्रपिंडाला इजा झालेले ६३९ रोगी नोंदले गेले. त्यांतल्या ४७७ जणांना डायलिसिस करावं लागलं. पुढे २००३ साली त्याच देशात बिंगोल इथे भूकंप झाला. त्या वेळी डॉक्टरांनी स्नायू चेंगरलेल्या १६ रोग्यांना भराभर सलाईन दिलं. सोळांपैकी चौघांनाच डायलिसिस लागलं. ज्यांना लागलं नाही, त्यांचं सलाईन सुटकेनंतर सरासरी पावणेचार तासांच्या आसपास सुरू झालं होतं. ज्यांना लागलं, त्यांचं सरासरी नऊ तासांनंतर. माणसं थोडी आहेत, पण बोध स्पष्ट आहे. वाफसा साधला तर पेरणी साधते. इथला वाफसा काही तासांचाच असतो.

आणि एवढं करूनही मूत्रपिंड बंद पडलंच, तरी आशा सोडू नका. डायलिसिस म्हटलं की घरचे हातपाय गाळतात, "आता जन्माचं मागे लागलं" म्हणतात. या दुखण्यात बहुधा तसं नसतं. जो रोगी यातून वाचतो, त्याचं मूत्रपिंड बहुतेक वेळा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा काम करू लागतं. तोवरचा तो आधार असतो. जिल्हा रुग्णालयात डायलिसिसची सोय कुठे आणि कशी आहे, याची चौकशी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आजच करून ठेवा. गरज पडली की रात्री दोन वाजता विचारायला कोणी सापडत नाही.

शेवटची एक गोष्ट. दवाखान्यात जायला सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं: उसाला तोड आली आहे, कांदा काढायला झाला आहे, मजूर आज आहेत ते उद्या नाहीत. मला ते मान्य आहे. शेतीचं काम कोणासाठी थांबत नाही. पण एका दिवसाची तोड चुकली तर कारखान्याशी भांडून पुढची पाळी मिळवता येते. मुकादम नसतो तो मूत्रपिंडाला. तेव्हा चेंगरलेल्या गड्याला, शॉक लागलेल्या पोराला, अंग धरलेल्या भरतीच्या मुलाला पहिल्याच दिवशी विचारा, "लघवी झाली का? कशी झाली?" विचारायला लाजू नका. सासूने सुनेला विचारावं, मालकाने सालगड्याला विचारावं. बायामाणसं हे दुखणं सांगत नाहीत, आणि पत्रिकेत त्यांच्या नावापुढे एक गुण जास्तच आहे, हेही ध्यानात असू द्या.

लक्षात ठेवा

• मुका मार, शॉक, उष्माघात, अतिव्यायाम, माश्यांचा दंश: यानंतर तीन दिवस लघवीचा रंग आणि मोजमाप पाहा.
• गडद लघवी किंवा सहा तास लघवी नाही: लगेच दवाखाना.
• चोळू नका. वेदनाशामक नको. नारळपाणी नको.
• काय घडलं, किती वाजता सापडला, किती वाजता सुटला, हे लिहून न्या.
• डॉक्टरांना सीपीके, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम या तपासण्यांबद्दल विचारा. सीपीके दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची का, तेही विचारा.

हे पत्रक घडी करून १०८ नंबर लिहिलेल्या वहीत किंवा मोटारीच्या पेटीच्या झाकणाआड ठेवा. नमस्कार.